लिहून घेतले

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘कॅश’ म्हटले की एकच गोष्ट आठवते : रोकड. रोकड पुस्तक, हातची शिल्लक, बँकेतली शिल्लक आणि महिनाअखेर न जुळणारे दहा-वीस रुपये. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उज्जैनला मामाकडे गेलो असताना मामाची थोरली मुलगी सकाळी सकाळी फोनवर कोणाला तरी सांगत होती की, “कॅशमध्ये आहे, पण आत पोचलेलं नाही, वीज गेली तर गेलंच समज,” तेव्हा मी कान टवकारले. ताई एका कंपनीचे संगणकाचे काम घरी बसून करते, एवढेच मला ठाऊक होते. तिने फोन ठेवल्यावर मी मोठ्या तोऱ्यात विचारले, “ताई, वीज गेल्यावर रोकड कशी जाईल? ती गल्ल्यातच असणार ना?”

ताई खूप हसली. मग म्हणाली, “तुझी कॅश वेगळी, माझी वेगळी. आज भैरवगढला जाऊ. आईला चादरी आणायच्या आहेत. वाटेत सांगते.”

मामाचे घर उज्जैनमध्ये चार पिढ्यांचे आहे. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी येथेच होती, आणि त्या काळापासून या गावात मराठी घरे आहेत. मामाच्या घरी मराठी बोलतात खरे, पण ‘भाजी’च्या जागी ‘सब्जी’ कधी येते ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. आमच्या सीमाभागात कन्नडचे जे होते तेच तिथे हिंदीचे होते, म्हणून मला ते परके वाटले नाही.

भैरवगढ हे शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी. कालभैरवाचे मंदिर येथलेच. देवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात म्हणून ते दूरवर प्रसिद्ध आहे, आणि पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी या देवाला आपली पगडी वाहिली अशी कथा तिथे सांगतात. पण भैरवगढची दुसरी ओळख कापडावरच्या छपाईची. मेण लावून कापड रंगवण्याची बाटिकची कला इथल्या छिपा कुटुंबांनी जोपासली आहे, आणि २०२३ साली उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले.

रिक्षात बसल्यावर ताईने आमच्या गल्लीची खबरबात विचारली. मी तिला आमच्या भिशीची हकीकत रंगवून सांगितली. तेव्हा जे मला खरे वाटत होते तेच इथे आधी लिहितो.

आमच्या गल्लीत १५ जणांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकी १००० रुपये. हिशोब दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, कारण मी ‘बी.कॉम. शिकणारा’. सभासदांमध्ये एक अव्वा आहेत. वय सत्तरीच्या पुढे, भाजी विकतात, घरात कन्नड बोलतात, लिहिता-वाचता येत नाही. जुलै महिन्याच्या अखेरीस मी वही बंद केली तेव्हा अव्वांच्या नावापुढची जागा कोरी होती. मी त्यांच्या दारी गेलो. त्या म्हणाल्या, दिले की पैसे, गुरुवारी, बाजाराहून येताना, तुझ्याच हातात. मी वही उघडून दाखवली. रोकड मोजली होती, ती वहीशी पैशापैशाने जुळत होती. “वहीत नाही, अव्वा,” मी म्हटले. त्यांनी वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आणखी १००० रुपये आणून दिले.

ही हकीकत मी ताईला विनोद म्हणून सांगितली. माणसाची स्मृती फसवी असते, वही फसवत नाही, असा वर सिद्धान्तही मांडला. ताई काही बोलली नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट पडवी होती. एका बाजूला चुलीवर मेणाचे भांडे. एक मुलगा कुंचल्याने पांढऱ्या सुती कापडावर वितळलेल्या मेणाची वेलबुट्टी काढत होता. पलीकडे रंगाच्या टाक्या. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे ‘चाचा’ म्हणत होते, त्यांनी आम्हांला सारे हौसेने दाखवले. जिथे मेण आहे तिथे रंग चढत नाही. म्हणून आधी फिकट रंग, मग जो भाग फिकट ठेवायचा त्यावर मेण, मग त्याहून गडद रंग, पुन्हा मेण, पुन्हा रंग. रंग थंड पाण्यातच द्यायचा, कारण पाणी गरम झाले तर मेण वितळून सारे बिघडेल. एका टाकीतून कापड निघाले तेव्हा ते नुसते पिवळट ओले दिसत होते. दुसऱ्या टाकीत बुडवताच डोळ्यांदेखत लाल झाले. पहिल्या टाकीतले द्रव्य आणि दुसऱ्या टाकीतले द्रव्य कापडाच्या धाग्यात एकत्र येतात तेव्हा कुठे रंग तयार होतो, असे चाचांनी सांगितले. अखेरीस कापड उकळत्या पाण्यात टाकून मेण काढायचे. तरंगून आलेले मेण गोळा करून पुन्हा वापरायचे.

तेवढ्यात कुंचलेवाला मुलगा एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगू लागला, “आपका हो गया, ले जाइए.” चादर अजून दोरीवर होती, मेण अंगावरच होते. चाचा तिथूनच ओरडले, “उबाले बिना मत बोल कि हो गया!”

ताईने माझ्याकडे वळून पाहिले. “हेच,” ती म्हणाली, “मी सकाळी फोनवर सांगत होते.”

चादरी घेऊन आम्ही क्षिप्रेच्या काठी चहाच्या टपरीवर बसलो, आणि तिथे माझा तास सुरू झाला. तो मला जसा समजला तसा, दुकानाच्या भाषेत, सांगतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उणे-अधिक माफ करावे.

संगणकाच्या प्रोसेसरला मेमरीपर्यंत जाऊन यायला त्याच्या मानाने फार वेळ लागतो. म्हणून त्याच्या हाताशी एक लहान, चपळ साठा ठेवलेला असतो. त्याला कॅश म्हणतात. आपल्या दुकानात गल्ल्याशेजारी पाटी असते आणि मोठी वही आतल्या कपाटात असते, तसेच हे. पाटीवर एका वेळी ६४ बाइटची एक ओळ येते. आता नोंद कशी करायची याच्या रीती अनेक आहेत, आणि मेमरीच्या प्रत्येक भागासाठी कोणती रीत वापरायची ते कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ठरवून देतो.

पहिली रीत अनकॅश्ड. पाटी वापरायचीच नाही. प्रत्येक नोंदीसाठी उठायचे, कपाट उघडायचे, वहीत लिहायचे. वाचायचे असले तरी पुन्हा उठायचे. खात्रीची, पण संथ. छपाईयंत्रासारखी उपकरणे चालवताना हीच लागते, कारण तिथे नुसती आज्ञा लिहिली की काम सुरू होते; ती पाटीवर अडकून चालत नाही.

दुसरी राइट-थ्रू. नोंद पाटीवरही करायची आणि त्याच वेळी वहीतही. वाचताना मात्र पाटीवर पाहिले की झाले. वाचन जलद, लेखन संथ.

तिसरी राइट-बॅक. नोंद पाटीवर करायची आणि कामाला लागायचे. पाटीवर जागा हवी झाली की मग ती ओळ वहीत उतरवायची. केव्हा उतरेल ते पाटीच्या सोयीवर. ही सर्वांत जलद, आणि रोजच्या साध्या मेमरीसाठी सगळीकडे हीच असते.

चौथी राइट-कंबाइनिंग. लहान लहान नोंदी चिठ्ठ्यांवर साठवायच्या आणि गठ्ठ्याने आत पाठवायच्या. पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी ती फार उपयोगी; पण चिठ्ठ्या ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने आत जातील याची हमी नाही.

“मग तिसऱ्या रीतीत धोका नाही का?” मी विचारले. “वीज गेली तर पाटी पुसली जाणार.”

“साध्या मेमरीत नाही,” ताई म्हणाली. “कारण वीज गेली की तिथे वहीसुद्धा पुसली जाते. साध्या मेमरीतल्या नोंदी टिकवायला त्या सेकंदाला अनेकदा पुन्हा भराव्या लागतात. वीज थांबली की संपलं. पाटी गेली आणि वहीही गेली, मग भांडण कशाचं? खरा जमाखर्च डिस्कवर असतो. भांडण सुरू झालं ते वही टिकाऊ झाली तेव्हा.”

टिकाऊ मेमरी ही कल्पना तशी नवी नाही, असेही तिने सांगितले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी होती : २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. कड्यांतले चुंबकत्व वीज गेली तरी राहत असे. गंमत अशी की अशी कडी वाचली की तिच्यातले पुसले जाई, म्हणून प्रत्येक वाचनानंतर यंत्राला तीच नोंद पुन्हा लिहावी लागे. पण त्या यंत्राच्या हाताशी आजच्यासारखी कॅश नव्हती. वही होती, पाटी नव्हती. म्हणून लिहिले की लिहिले.

पुढे साध्या मेमरीने कड्यांची जागा घेतली आणि टिकाऊपणाचा प्रश्न डिस्कवर ढकलला गेला. तो पुन्हा उभा राहिला आपल्या काळात. २०१५ च्या जुलैमध्ये इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी वीज गेली तरी टिकणाऱ्या एका नव्या मेमरीची घोषणा केली. तिच्यापासून केलेली ‘ऑप्टेन’ नावाची मॉड्यूल २०१९ मध्ये बाजारात आली : साध्या मेमरीच्याच खाचेत बसणारी, १२८ ते ५१२ जीबीची. ती धंद्यात टिकली नाही. २०२२ च्या जुलैमध्ये इंटेलने तो व्यवसाय आवरता घेत असल्याचे सांगितले. पण बॅटरी किंवा तत्सम आधारावर टिकणारी मेमरी आहेच, म्हणून तिच्यासाठीचे ड्रायव्हरही आहेत. ताई अशाच एका ड्रायव्हरवर काम करते.

आता या टिकाऊ वहीसाठी पाटीची कोणती रीत ठेवायची? लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत याचे उत्तर कसे बदलत गेले ते ऐकण्यासारखे आहे. तिथला या मेमरीचा ड्रायव्हर २०१५ च्या जूनमध्ये ४.१ या आवृत्तीबरोबर आला. त्याने सरळ पहिली रीत घेतली, अनकॅश्ड. कारणही तिथेच लिहून ठेवले होते : यंत्र कोसळले तर कॅशमधले परत वहीत उतरवता येत नाही. अगदी आपल्या जुन्या दिवाणजीसारखे हे बोलणे. पण एवढी चपळ मेमरी घेऊन प्रत्येक नोंदीला उठबस करायची म्हणजे घोडा घेऊन पायी चालण्यासारखे. म्हणून त्याच वर्षी पुढे राइट-थ्रू आले. आणि ज्या प्रोसेसरजवळ पाटीवरची ओळ वहीत उतरवण्याची आज्ञा आहे, तिथे राइट-बॅक आले.

“म्हणजे सुरक्षिततेकडून धोक्याकडे गेले?” मी विचारले.

“नाही. आपोआपकडून जबाबदारीकडे गेले.” आणि ताईने रुमालावर बोटाने रेघा ओढत मला समजावले. राइट-बॅकमध्ये पाटीवर लिहायला बंदी नाही. पण जेव्हा कोणाला ‘तुझी नोंद झाली’ असे सांगायचे असेल, त्याच्या आधी तीन गोष्टी करायच्या. नोंदीच्या ओळी वहीकडे रवाना करायच्या. त्या खरोखर आत पोचेपर्यंत थांबायचे. या थांबण्याला ‘फेन्स’ म्हणजे कुंपण म्हणतात. मगच ‘नोंद पूर्ण’ अशी खूण करायची, आणि ती खूणही तशीच आत पोचवायची. हा क्रम मोडला तर काय होईल? समजा, खूण आधी पोचली आणि नोंद पाटीवरच राहिली, आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर वहीत खूण आहे, नोंद नाही. यंत्र मात्र खूण पाहून सांगणार, सारे ठीक आहे. शिवाय एका दमात फक्त ८ बाइट अखंड जातात. त्याहून मोठी नोंद अर्धीमुर्धी राहू शकते, म्हणून खूण शेवटीच करायची. पिवळ्यावर मेण लावण्याआधी लाल टाकीत बुडवले तर पिवळा परत आणता येत नाही, तसेच हे.

“आणि ‘पोचली’ म्हणजे नेमकी कुठे पोचली?” मी वाणिज्यातला प्रश्न विचारला. आपल्याकडे धनादेश पेटीत टाकला, खात्यात आला आणि वटला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा प्रश्न ताईला आवडला. तिथेही रेघ कुठे मारायची यावर बराच खल झाला आहे. मेमरीच्या दाराशी नोंदींची एक रांग असते. आधी असा बेत होता की ही रांगसुद्धा आज्ञा देऊन रिकामी करून घ्यायची. त्यासाठी इंटेलने एक खास आज्ञा योजलीही होती. पण २०१६ मध्ये ती वापरात येण्याआधीच मागे घेतली, कारण यंत्राच्या बांधणीतच अशी सोय पक्की केली की वीज जाताना राखून ठेवलेल्या शक्तीवर ही रांग वहीत उतरेलच. म्हणजे दारातल्या रांगेपर्यंत पोचले की पोचले, अशी रेघ ठरली. नंतरच्या काही यंत्रांत ही हमी खुद्द कॅशपर्यंत वाढवली आहे. तिथे पाटीवर लिहिलेलेही बुडत नाही. पण ज्या यंत्रात ती हमी नाही तिथे आहे असे धरून चालले, तर घात.

“आणि या घाताची वाईट गोष्ट कोणती, माहीत आहे?” ताई म्हणाली. “काही फाटत नाही, तुटत नाही. जी नोंद वहीत आलीच नाही तिचा मागमूसही राहत नाही. वही नीटनेटकी दिसते. बाकीच्या नोंदी एकमेकींशी जुळतात. ज्याची नोंद गेली तो येऊन भांडेपर्यंत कोणाला कळतच नाही. आणि भांडायला आला तर आपण त्याला वहीच दाखवतो.”

चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला.

तेरीज पत्रकाच्या धड्यात आम्ही सर्वांनी हे पाठ केले आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असे नाही. जो व्यवहार नोंदवायचाच राहून गेला, तो नावेलाही नाही आणि जमेलाही नाही; म्हणून तेरीज त्याला पकडू शकत नाही. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. आणि माझी भिशीची वही रोकडीशी पैशापैशाने जुळत होती.

जुलैतली ती संध्याकाळ तेव्हा हळूहळू माझ्या डोळ्यांपुढे आली. मी बाबांच्या दुकानात बसलो होतो. साखर तोलत होतो, दोन्ही हात भरलेले. अव्वा पाटी खाली ठेवून आल्या आणि त्यांनी पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या. “बरकोप्पा,” त्या म्हणाल्या. लिहून घे रे बाबा. पुढे दोन गिऱ्हाइके उभी होती. मी नोटा घेऊन हाताशी असलेल्या गल्ल्यात टाकल्या आणि म्हटले, “बरकोंडे, अव्वा.” लिहून घेतले.

मला म्हणायचे होते, लिहीन. पण लिहीन असे मी म्हटले नाही. लिहून घेतले असे म्हटले.

खरेच असे झाले होते, की ताईच्या बोलण्याने माझे मन मला फसवत होते? मी तिथूनच बाबांना फोन लावला. “बाबा, जुलैमधल्या गुरुवारांच्या रोजकीर्दी बघता का जरा? गल्ल्यात कधी १००० जास्त आले होते का?” बाबांनी कारण विचारले नाही. पाने उलटण्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “आहेत की. रात्री गल्ला मोजला तर १००० जास्त. कोणाचे ते कळेना, म्हणून उचंत खात्यात ठेवलेत. तुलाही विचारलं होतं मी. तू म्हणालास, मला काही माहीत नाही.”

मला ते विचारलेलेही आठवत नव्हते.

बाबा दहावीपर्यंत शिकलेले. कॅश, फेन्स यातले त्यांना काही ठाऊक नाही. पण ज्या पैशाचा धनी सापडत नाही तो नफ्यात घ्यायचा नाही, उचंत खात्यात वेगळा ठेवायचा आणि झोपण्याआधी वहीत लिहायचा, एवढे ते तीस वर्षे करत आले आहेत. त्यांच्या त्या एका ओळीमुळे माझी चूक सापडली. ती ओळ नसती तर भैरवगढच्या टपरीवर मला फक्त एक शंका आली असती, आणि शंका विसरायला माणसाला वेळ लागत नाही.

ताईला मी सारे सांगितले. तिने उपदेश केला नाही. एवढेच म्हणाली, “आता आधी पैसे देऊन ये.”

गावी परतल्यावर पहिल्या संध्याकाळी मी १००० रुपये आणि भिशीची वही घेऊन अव्वांकडे गेलो. मोडक्या कन्नडमध्ये नव्हे, नीट, एकेक वाक्य जुळवून सांगितले, की चूक माझी होती; पैसे तुम्ही दिले होते; मी लिहिले नव्हते. त्यांनी नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या आणि कनवटीला खोचल्या. रागावतील, चार गोष्टी सुनावतील, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर तशी इच्छा होती. त्या फक्त म्हणाल्या, “बरकोंडे अंदिद्दि.” लिहून घेतले म्हणाला होतास.

मग त्यांच्या सुनेने जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. जुलैपासून अव्वा बाजारात मोड परत देताना दोनदोनदा मोजू लागल्या होत्या. औषधाची गोळी घेतली की नाही ते नातीला विचारू लागल्या होत्या. आपले ध्यान आता राहत नाही, असे त्यांनी मनाशी धरून ठेवले होते. कारण शिकलेल्या मुलाची वही खोटे बोलणार नाही, तेव्हा खोटी ठरली ती त्यांची स्वतःची आठवण. सत्तर वर्षांत कधी हिशोब न लिहिलेल्या त्या बाईची स्मृती पक्की होती. कच्ची होती ती माझी वही. १००० रुपये मी परत केले. चार महिने त्यांनी स्वतःवर जो अविश्वास केला तो कोणत्या खात्यात जमा करू?

आपण वाणिज्याचे विद्यार्थी उद्या बँकांत, पतसंस्थांत, सहकारी सोसायट्यांत बसणार आहोत. समोर येणाऱ्यांत अव्वांसारखे पुष्कळ असतील. त्यांना वही वाचता येत नाही. आपला शब्द हीच त्यांची पावती असते. आता तर बहुतेक वह्या संगणकातच आहेत, आणि त्यांच्या तळाशी ताईसारखे कोणीतरी बसून ठरवत असते की ‘जमा झाले’ हे शब्द पडद्यावर केव्हा उमटावेत. त्या ड्रायव्हरची हकीकत ऐकून मला एक गोष्ट पटली. पाटीवर लिहिण्यात पाप नाही. गर्दीच्या वेळी दुकान पाटीवरच चालते, आणि प्रत्येक नोंदीला कपाटाकडे धावणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो. लिनक्सच्या कर्नलनेही पाटी टाकून दिली नाही. फक्त ‘झाले’ म्हणण्याची जागा बदलली; ती वहीच्या पलीकडे नेऊन ठेवली.

भिशीचा हिशोब अजून माझ्याकडेच आहे. मी सोडतो म्हटले, तर अव्वाच नको म्हणाल्या. आता वही दुकानात गल्ल्याशेजारी असते. कोणी पैसे दिले आणि माझे हात साखरेत असले, तर मी म्हणतो, “थांबा जरा.” हात पुसतो, नोंद करतो, वही त्यांच्यापुढे धरतो, वाचून दाखवतो. गिऱ्हाइके थोडी कुरकुरतात. अव्वा मात्र ओट्याला टेकून शांतपणे उभ्या राहतात. मी लेखणी खाली ठेवली की मग विचारतात, “बरकोंडी?”

आणि मग मी सांगतो.